पंखाची ओटी

आकाशात उडायचं सगळं सामान घरात असूनही जमिनीवर सर्वांत जास्त वेळ उभा राहिलेला माणूस आख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा मित्र निघावा याचा मला आजही संताप येतो. लोकांचे मित्र दारू पितात, जुगार खेळतात, मागून नेलेली मोटरसायकल ठोकून आणतात. त्यांच्यावर रागावणं सोपं असतं. माझा मित्र यातलं काहीच करत नाही. तो फक्त बरोबर असतो. सतत बरोबर असणाऱ्या माणसावर रागवायचं म्हणजे भिंतीला टक्कर देण्यासारखं आहे. भिंत शाबूत राहते आणि टेंगूळ आपल्याला येतं.

आमची ओळख कॉलेजातली, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. मी कोडोलीचा. वडील गुऱ्हाळात चुलवाणाला जाळ घालायचे, आणि आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. पदवी मिळाली तेव्हा आमच्या विहारासमोर मांडव घालून माझा सत्कार झाला. माझी आई कुठल्याही कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसल्याशिवाय राहायची नाही. त्या दिवशी तर ती इतकी पुढे सरकून बसली की माझ्या हाराच्या पाकळ्या तिच्या पदरात पडत होत्या. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्याचा मला अभिमान आहे आणि तो लपवायचं मला काही कारण नाही. मित्र कबनूरचा. जैन घर, आजोबांपासूनचे यंत्रमाग. त्याला डिग्री मिळाली काय आणि न मिळाली काय, माग खडखडतच राहणार होते. तरी आमच्या वर्गात फिजिक्स कुणाला कळलं असेल तर त्यालाच. आम्ही पास होण्यासाठी शिकत होतो, तो भांडण्यासाठी.

कॉलेज संपल्यावर तो पुण्याकडे सूत खरेदीला म्हणून गेला आणि कुठल्याशा डोंगरावर कापडी पंख घेऊन उडायला शिकून आला. पुढे काही वर्षांनी पुण्याच्याच एका हौशी डॉक्टरची जुनी पॅरामोटर त्याने उचलली. म्हणजे पाठीवर घ्यायचं इंजिन, त्याच्या मागे पंखा, पंख्याभोवती जाळी, आणि वर तो रंगीत कापडाचा पंख. डोंगर लागत नाही, सपाट माळावरून पळायचं आणि उठायचं. सगळं सामान मागांच्या शेडमध्ये येऊन पडलं. अण्णा, म्हणजे त्याचे वडील, रोज त्याच्याकडे बघून मला म्हणायचे, "म्हस आणली, पण ह्यो दूध काढंना. नुस्ता खरारा करतोय."

खरारा हा शब्द अगदी बरोबर होता. पंखाच्या एकूण एक दोऱ्या तो चिमटीतून अशा सरकवत न्यायचा, की पोरीच्या केसांतून उवा काढणारी आईसुद्धा इतकी चिकट नसेल. कुठे गाठ नाही ना, कुठे झीज नाही ना. कापड निकामी झालंय का हे बघायची त्याची पद्धत म्हणजे कापड ओठांना लावून जोरात श्वास ओढायचा. हवा आरपार आली तर कापड मेलं. पंखापुरतं हे ठीक होतं. पण जातिवंत कापडवाला तो, त्याचं तोंड आवरायचं नाही. त्याचं लग्न ठरल्यावर आम्ही महाद्वार रोडला साड्या घ्यायला गेलो, तर याने दुकानदारासमोर पैठणीचा पदर उचलून तोंडाला लावला आणि गाल आत ओढले. नवरीकडची मंडळी थिजली. दुकानदार गादीवरून न हलता म्हणाला, "पावणं, नेसायची हाय ती. खायाची न्हाय." मला हसू आलं नाही. मी त्याच्या बाजूचा म्हणून गेलो होतो आणि माझी कानशिलं तापली होती.

त्याच्या पंखाला कुणी छत्री म्हटलं की त्याचं टाळकं सरकायचं. एकदा मिसळीच्या दुकानात शेजारच्या बाकावरचा पैलवान गडी भाबडेपणाने म्हणाला, "ती छत्री घिऊन उडतासा, ती तुम्हीच न्हवं?"

झालं. याने पाव खाली ठेवला. "छत्री अडवती, पावणं. पडणाऱ्याला हळू पाडती. ह्यो पंख हाय, ह्यो उचलतो. तुमच्या लंगोटाला कुणी टावेल म्हटलं तर चालंल?"

पैलवान हात थांबवून बघत राहिला. मग याने टेबलावरचा कागद घेऊन वर्ग सुरू केला. पंखाला पुढच्या काठाला ओळीनं तोंडं असतात, उशीच्या अभ्र्यागत, कप्प्याला लागून कप्पा. पळालं की त्यांतून हवा शिरती, आणि आतल्या हवेनं कापडाला पंखाचा आकार येतो. लाकूड न्हाय, लोखंड न्हाय. हवा गेली की चादर. मागल्या काठाला दोऱ्या, त्या आपल्या मुठीत. उजवी वढली की उजवीकडं, डावी वढली की डावीकडं. आणि दोन्ही हावरटागत वढल्या, मागला काठ लय खाली आला, की पंख मान वर करतो आणि त्याच्या पाठीवरची हवा सुटती. "सुटली की मग तू पैलवान असशील न्हाईतर पंतप्रधान. दगडासारखा खाली."

"इंजान बंद पडतंय व्हय?" पैलवानाने विचारलं.

"इंजान चालूच असतंय! इंजानाचा काय संबंध? हवा सुटती, हवा!" आख्खं दुकान वळून बघायला लागलं. माझी मिसळ गार झाली होती. पैलवान मात्र जाताना मला हळूच म्हणाला, "चांगलं शिकीवत्यात की. पण चिडत्यात का?"

का चिडतो, ते मला रविवारी कळायचं. माझा प्रत्येक रविवार त्याने खाल्ला. पहाटे मी कोडोलीहून निघायचो, आम्ही इंजिन, पंख, ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा कॅन असं सगळं माळावर नेऊन मांडायचो. गावाच्या आधी कुत्री जमायची, मग गाव. हा मागावरच्या लाल सुताचा तुकडा काठीला बांधून त्याच्याकडे टक लावून उभा राहायचा. सूत हललं तर बघायचा का हललं, नाही हललं तर बघायचा का नाही हललं. ऊन चढायचं. माळ तापला की खालची हवा उसळते, असं त्याचं म्हणणं. मग तो एकच शब्द बोलायचा, "नको." आणि आम्ही सगळं सामान परत बांधायचो. कधीतरी, महिन्या-दोन महिन्यांनी, तो मान हलवून म्हणायचा, "जमतंय." मग खरोखर उडायचा, आणि ते इतकं देखणं असायचं की माझा राग आणखी वाढायचा. हे इतकं सोपं होतं तर मागचे सगळे रविवार कुठे गेले? विचारलं तर उत्तर ठरलेलं. "उडायचं का न्हाय, ह्यो विचार जमिनीवर करायचा असतोय मर्दा. वर गेल्यावर नुस्तं निस्तरायचं असतंय."

पन्हाळ्यावर उडून दाखव, पर्यटक बघतील, असं मी एकदा सुचवलं. त्याने मला पंचगंगेच्या पुलावर नेलं आणि खांबामागे गरगरणारं पाणी दाखवलं. "कड्याच्या मागं हवा अशीच फिरती. फरक एवढाच, की ती दिसत न्हाय." पण पूल, नदी, सूत एवढ्यावर हा थांबणारा नव्हता. स्मशानातसुद्धा त्याची नजर धुराकडे. त्याच्या सख्ख्या चुलत्याला अग्नी दिला, सगळे माना खाली घालून उभे, आणि हा मान वर करून म्हणाला, "वारा फिरला. वर लय जोर हाय. नको." चुलत्याचा थोरला मुलगा त्याच्या अंगावर धावला होता. मीच मध्ये पडलो. खरं म्हणजे पडायला नको होतं.

आमच्या घरी त्याची वट वेगळी होती. आई त्याला दारात बघितलं की ओरडायची, "काय रं, उडलास का न्हाय अजून?"

"न्हाय मावशी, वारा न्हाय."

"मग जेव."

आणि तो जेवायचा. दुसऱ्यांदा भाकरी मागायचा. मला मेल्याने एकदाही पोटभर रागावू दिलं नाही.

आता त्या दिवसाकडे येतो. तेव्हा मी एका शिक्षणसंस्थेत तासांवर शिकवत होतो. तासांवर म्हणजे आज आहात, उद्याचं माहीत नाही. कायम होण्याची ऑर्डर दर जूनला निघणार असायची आणि दर जूनला दुसऱ्याची निघायची. वडील थकले होते. "माझा पोरगा प्राध्यापक हाय" असं आई बाजारात सांगायची, आणि प्रत्येक वेळी मी पिशवी उचलून पुढे चालू लागायचो. त्या वर्षी संस्थेच्या अध्यक्षांची एकसष्टी आली. त्यांना सगळे साहेब म्हणायचे. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चक्क खुर्ची दिली, आणि म्हणाले, "सर, तुमचे ते मित्र उडतात म्हणे. साहेबांवर आकाशातून पुष्पवृष्टी झाली पाहिजे. तेवढं करा. जूनच्या ऑर्डरीचं मी स्वतः त्यांच्या कानावर घालतो."

मी कबनूरला गेलो. मित्राने ऐकून घेतलं आणि, माझा विश्वास बसेना, होय म्हणाला. पण अटी घातल्या. गर्दीच्या डोक्यावर तो जाणार नाही. मैदानाच्या अलीकडे, मोकळ्या रानावर राहणार आणि फुलं वाऱ्यावर सोडणार. वारा ती मांडवापर्यंत पोचवेल. हार नकोत, दोरा नको, ओलं फूल नको. नुसत्या सुट्या, सुकलेल्या पाकळ्या, त्याही छातीवरच्या पिशवीत, कारण पाठीमागे पंखा फिरत असतो. आदल्या दिवशी आमच्या घरात झेंडूचा डोंगर पडला होता. मी, बायको, आई, शेजारच्या बायका, सगळे पाकळ्या सोडवत बसलो. आईची बोटं पिवळीधमक झाली. ती म्हणाली, "पोरा, माझ्या अंगावर पण चार पडू देत म्हणावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने काठीवरच्या सुताकडे बघितलं, मैदानापलीकडच्या धुराड्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "जमतंय." मी डोळे मिटून घेतले. मला माझी ऑर्डर दिसली, टाइप केलेली, शिक्का मारलेली.

मोकळ्या रानात त्याने पंख पसरला. पंख उडणाऱ्याच्या पाठीमागे अंथरतात. मागचा काठ त्याच्याकडे, आणि कप्प्यांची तोंडं पार पलीकडे, आभाळाकडे उघडी. हा वाऱ्याकडे तोंड करून इंजिनाचे पट्टे आवळत होता, मी त्याच्या पुढ्यात वाकून, मान खाली घालून पाकळ्यांची पिशवी बांधत होतो. हलगी वाजत होती. कार्यकर्ते इंजिनावर नारळ फोडायला आले, त्यांना याने दहा पावलं मागे हाकललं. पंख्याला हार घालायला आले, त्यांच्यावर तर तो असा खेकसला की हार घेऊन आलेला इसम हार स्वतःच्याच गळ्यात घालून परत गेला. "पंख्यामागं कोण हाय? व्हा बाजूला!" त्याने आरोळी मारली. सगळं नीट झालं. एकच गोष्ट आम्हा दोघांना दिसली नाही. त्याच्या पाठीमागे, पंखाच्या पलीकडच्या काठाला, वहिनीसाहेब आल्या होत्या.

वहिनीसाहेब म्हणजे साहेबांच्या पत्नी. त्यांच्याबरोबर महिला मंडळ, हातात ताटं. जमिनीवर ही एवढी मोठी, रंगीत, अंथरलेली वस्तू, आणि तिच्या काठाला ओळीने उघडी तोंडं. नव्या कामाला निघालेली, शुभकार्याची, आणि रिकामी? वहिनीसाहेबांनी पदर डोक्यावर घेतला आणि पंखाची ओटी भरली. एका कप्प्याची भरली तर दुसरा रुसेल, म्हणून सगळ्यांची भरली. प्रत्येकात तांदूळ, सुपारी, हळकुंड, आणि वर मूठभर गुलाल. मधला कप्पा मानाचा, त्यात अख्खा नारळ.

इंजिन सुरू झालं. माझा मित्र पळाला. पंख जमिनीवरून उठला, अर्ध्यावर आला, आणि दारू प्यालेल्या माणसासारखा मागे रेलून धपकन पडला. कप्प्यांतून गुलाल उसळला, पंख्याच्या झोताने तो उचलला आणि मैदानाच्या दिशेने असा फेकला की मांडव, स्टेज, साहेब, बँड, सगळं गुलाबी झालं. लोकांना वाटलं हाच कार्यक्रम. "चांगभलं!" म्हणून आख्खं मैदान उठून टाळ्या वाजवायला लागलं. याने इंजिन बंद केलं, पट्टे सोडले, मागे गेला, कप्प्यात हात घातला आणि नारळ बाहेर काढला.

त्या वेळचा त्याचा चेहरा मी विसरणार नाही. गुलाबी मिशांतून तो एकच शब्द बोलला.

"नको."

"अरे नारळ निघाला की!" मी ओरडलो.

"नारळ निघाला. तांदूळ? आत भोकं असत्यात, ह्या कप्प्यातनं त्या कप्प्यात. समदं पसरलंय, समदं मागल्या काठाला जाऊन बसलंय. उलटापालटा करून झाडाय संध्याकाळ हुईल."

तोवर कार्यकर्ते येऊन भिडले. त्यांच्यातला एक दांडगा म्हणाला, "ओ पावणं, वहिनीसाहेबांनी सोताच्या हातानं ओटी भरलीया. तुमास्नी काय धाड भरली?"

"ओटीचं वजन देवाला चालतंय. हवेला चालत न्हाय."

"मूठभर तांदळाला भ्यालासा व्हय?"

"व्हय, भ्यालो! मागल्या काठाला वजन बसलं की पंख मान वर करून बसतो. हवा सुटली की परत धरत न्हाय. मग मी, इंजान, पेट्रोल, समदं कुठं पडंल ते सांगता येत न्हाय. तू सांगतोस?"

"मग मी उडतो, द्या हिकडं. हात हलवायचं, दुसरं काय!"

माझ्या मित्राने शांतपणे इंजिनाचा प्लग काढला, खिशात घातला आणि पेट्रोलच्या कॅनवर जाऊन बसला. मी त्याची कॉलर धरली. होय, धरली. मी म्हणालो, तुला माग आहेत, शेड आहे, अण्णा आहेत. मला काय आहे? एक चक्कर, फक्त एक! माझी ऑर्डर आहे रे ती!

त्याने कॉलर सोडवली नाही. मैदानाकडे बोट दाखवलं आणि तितक्याच रागाने म्हणाला, "पयल्या रांगेत कोण बसलंय बघ."

पहिल्या रांगेत, नखशिखांत गुलाबी होऊन, माझी आई बसली होती. आभाळाकडे बघत. पदर पसरून.

पाकळ्या शेवटी मैदानाशेजारच्या शाळेच्या गच्चीवरून शिपायांनी टाकल्या. त्या स्टेजच्या पत्र्यावर पडल्या. जूनमध्ये ऑर्डर निघाली, प्राचार्यांच्या भाच्याची, आणि माझे तासही गेले. वहिनीसाहेबांची ओटी नाकारली, हा ठपका माझ्यावर. मी त्याच्याशी बोलायचं टाकलं. तो मात्र येत राहिला. मी आतल्या खोलीत दार लावून बसायचो आणि बाहेर आईचा आवाज ऐकायचो, "काय रं, उडलास का न्हाय?" "न्हाय मावशी." "मग जेव." मला आईचाही राग यायचा. पुढे मी परीक्षा दिली आणि पन्हाळा तालुक्याच्या कचेरीत लागलो, स्वतःच्या हिमतीवर, कुणावर फुलं न उधळता. तरी प्राध्यापक ते प्राध्यापक. आजही कुणी 'सर' म्हटलं की मला त्या प्लगची आठवण होते आणि दात शिवशिवतात.

त्याने माझ्यासमोर कापडाला ओठ लावून श्वास ओढला, तो दिवसही सांगतो. तोवर माझा अबोला संपला होता, राग नव्हता. हवा आरपार आली. पंख म्हातारा झाला होता. घ्यायला गिऱ्हाईक होतं, दारात उभं होतं. याने मागावरची मोठी कात्री घेतली आणि पंख उभा फाडला, का, तर दुसरा कुणी मरायला नको. "येडा हाय," अण्णा म्हणाले आणि आत निघून गेले. मागल्या काठाचा कोपरा कापताना आतून काहीतरी टणकन फरशीवर पडलं. सुपारी. इतकी वर्षं त्याने झाडून झाडून तांदळाचा दाणा न् दाणा काढला होता, ही तेवढी शिवणीत अडकून राहिली होती. त्याने ती उचलून माझ्या तळहातावर ठेवली. "घे, तुझी ऑर्डर." मी ती रागाने भिरकावली. मग आम्ही दोघं मागांच्या खाली गुडघ्यावर बसून ती शोधत राहिलो. ती आजही माझ्या कचेरीतल्या टेबलाच्या खणात आहे.

त्यानंतर त्याने दुसरा पंख घेतला नाही. मंदी आली, माग भंगारात गेले, अण्णा गेले. काठीला सूत बांधायची सवय तेवढी राहिली.

आई गेली ती पिकून, स्वतःच्या अंथरुणात, आदल्या दिवशी दूधभाकरी खाऊन. कोडोलीच्या स्मशानात पंचशील म्हणून झालं, मी अग्नी दिला आणि मागे येऊन उभा राहिलो. तो शेजारी होता. आणि मला जी भीती होती तेच झालं. सगळ्यांच्या माना खाली आणि याची हळूहळू वर. माझ्या मुठी आवळल्या. आज जर हा वाऱ्याचं काही बोलला, तर इथेच, सगळ्या गावासमोर, इतक्या वर्षांचं सगळं फेडून घ्यायचं असं मी ठरवलं.

धूर सरळ वर चालला होता. कुठे न वळता, न फाटता. त्याने बराच वेळ बघितलं. मग हात जोडले आणि अगदी हळू, मला ऐकू जावं म्हणूनही नव्हे, म्हणाला,

"जमतंय, मावशी."